रीमेकला स्वतःची अडचण लागते

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका तरुण दिग्दर्शकाकडे जुन्या, गाजलेल्या चित्रपटाचा रीमेक करण्याचे काम चालून आले आहे. असा रीमेक कधी स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो का, की मुळाशी होणारी तुलना त्याच्या पाचवीलाच पुजलेली असते, हे त्याला जाणून घ्यायचे आहे. मुळाशी इमान राखावे की बेधडक सगळे बदलून टाकावे, हा त्याचा दुसरा पेच आहे. मी संकलक आहे. गेली सत्तावीस वर्षे हेच काम करतो आहे आणि या काळात तीन रीमेक माझ्या हातून गेले. त्यांतला एक चालला, एक पडला आणि तिसरा पुरा होऊनही डब्यातच राहिला. त्या अनुभवावर आणि इतरांचे चित्रपट कट मोजत पाहण्याच्या माझ्या जुन्या खोडीवर हे उत्तर बेतलेले आहे.

उभा राहू शकतो, हे माझे उत्तर. मात्र ‘इमान की बदल’ हा पेच मला दिशाभूल करणारा वाटतो, कारण या दोन्ही वाटांनी गेलेले चित्रपट पडलेले मी पाहिले आहेत आणि दोन्ही वाटांनी गेलेले तरलेलेही पाहिले आहेत. मला फरक दुसरीकडे दिसतो. कोणत्याही अभिजात चित्रपटातल्या लक्षात राहिलेल्या गोष्टी, मग तो एखादा प्रसंग असो, एखादी चौकट असो किंवा शेवट असो, या कोणत्या तरी अडचणीवर काढलेल्या तोडग्यातून जन्मलेल्या असतात. कधी ती अडचण कथेतल्या माणसांची असते, म्हणजे त्यांच्यापुढे दुसरा मार्गच उरलेला नसतो. कधी ती करणाऱ्यांची असते, म्हणजे पैसा नसतो, सेन्सॉर आडवा येतो, यंत्र साथ देत नाही. रीमेक करणारा बहुतेक वेळा तोडगे तेवढे उचलतो आणि अडचण मागे ठेवून येतो. मग पडद्यावर सगळे जागच्या जागी दिसते, पण ते तसे का आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा म्हणजे ‘सायको’. आल्फ्रेड हिचकॉक यांचा मूळ चित्रपट १९६० सालचा, आणि गस व्हॅन सँट यांनी १९९८ साली तो जवळजवळ शॉटमागून शॉट तसाच पुन्हा केला. पटकथा तीच, बर्नार्ड हरमन यांचे संगीतही तेच, नव्याने ध्वनिमुद्रित केलेले. महागाईचा हिशेब धरून नायिकेने चोरलेली रक्कम ४० हजार डॉलरवरून ४ लाख केली, काही प्रसंगांत थोडी भर घातली आणि चित्रपट रंगीत केला. न्हाणीघरातल्या खुनाचा प्रसंग दोन्हीकडून शेजारी शेजारी लावून पाहावा. हिचकॉक यांनी या एका प्रसंगावर सात दिवस घालवले होते. चाकू अंगात शिरताना दाखवता येणार नव्हता, नग्नता दाखवता येणार नव्हती, रक्ताचा लाल रंग नको म्हणून चित्रपट कृष्णधवल ठेवलेला होता आणि रक्ताच्या जागी चॉकलेटचे सिरप वापरलेले होते. एवढी बंधने असल्यामुळे तुकडे इतके बारीक करावे लागले की खून प्रेक्षकाच्या डोक्यात घडतो. पडद्यावर दिसतात ते हात, पाणी, तोंड आणि पडदा. १९९८ मध्ये यातले एकही बंधन उरले नव्हते. तरीही कट तसेच राहिले, आणि ज्या गोष्टी दाखवता येत होत्या त्या का दाखवल्या जात नाहीत हे कळेना. दिग्दर्शकालाही ते जाणवले असावे, कारण खुनाच्या मधोमध त्याने आभाळातल्या ढगांचे तुकडे घातले आहेत. मला ते ढग फार बोलके वाटतात. संकलनाच्या टेबलावर एखादा प्रसंग हलत नसला की आपण काहीतरी बाहेरचे आणून मध्ये टाकतो, त्यातलाच तो प्रकार आहे.

या प्रयोगाची टर उडवण्यात मला रस नाही. उलट, रीमेक करणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा नीट पाहावा, कारण नक्कल पूर्ण झाली तर काय उरते हे इतक्या खर्चाने दुसऱ्या कोणी तपासून ठेवलेले नाही.

मला हाच धडा फार लहान प्रमाणात मिळाला होता. आमच्या त्या पडलेल्या रीमेकमध्ये (नाव घेत नाही) एक प्रसंग होता: म्हातारा बाप मुलाचे पत्र वाचतो, घडी घालतो आणि खिशात ठेवतो. मूळ चित्रपटात हा शॉट न तोडता बराच वेळ चालतो आणि त्यावर संगीत नाही. दिग्दर्शकाची सक्त सूचना होती की लांबी तीच ठेवायची. मी मूळ शॉट एका ट्रॅकवर आणि आमचा दुसऱ्या ट्रॅकवर लावला, फ्रेम मोजून जुळवला आणि तो असह्य लांब वाटू लागला. दोन दिवस मी आमच्या नटाला दोष देत होतो. मग मुळाची आधीची दोन रिळे पुन्हा पाहिली, तेव्हा कळले की त्या बापाला वाचता येत नाही ही गोष्ट तिथे आधीच पेरलेली आहे. तो पत्र वाचत नव्हता, वाचण्याचे सोंग करत होता, कारण शेजारी सून उभी होती. आमच्या पटकथेत, काळ आजचा असल्यामुळे, बाप निवृत्त शिक्षक केला होता. शॉटची लांबी आम्ही आणली होती आणि ती ज्या लाजेतून आली होती ती लाज पटकथेतूनच गेली होती. शेवटी मी तो शॉट निम्म्यावर कापला. दिग्दर्शक नाराज झाला, आणि खरे सांगायचे तर कापूनही प्रसंग सुधारला नाही. तो फक्त लवकर संपला.

आता ज्यांना हे साधले त्यांच्याकडे पाहू. अकिरा कुरोसावा यांच्या ‘सेव्हन सामुराई’मध्ये (१९५४) म्होरक्याची ओळख होते ती अशी: एका चोराने मूल ओलीस धरले आहे, आणि हा प्रौढ सामुराई भिक्षूचा वेश घेण्यासाठी नदीकाठी बसून स्वतःची शेंडी कापून डोके भादरून घेतो. भोवती जमलेले लोक अवाक् होऊन पाहतात, कारण सामुराईची शेंडी म्हणजे त्याचा दर्जा. गरीब शेतकऱ्यांसाठी लढणारा माणूस कोणता असेल, हे या एका कृतीतून कळते. १९६० साली जॉन स्टर्जिस यांनी हीच कथा अमेरिकी सीमाप्रदेशात नेली आणि ‘द मॅग्निफिसन्ट सेव्हन’ केला, तेव्हा ही शेंडी कुठून आणणार? तिथल्या बंदूकवाल्यांना जन्मजात दर्जा नाही, त्यामुळे तो सोडण्याचा प्रश्नही नाही. त्यांनी वेगळी अडचण शोधली. गावात एक मूलनिवासी माणूस मेला आहे, आणि त्याला गोऱ्यांच्या दफनभूमीत पुरू देणार नाही म्हणून काही लोक बंदुका घेऊन बसले आहेत. शववाहिकेची गाडी हाकायला कोणी तयार नाही. दोन अनोळखी माणसे पुढे होतात आणि गाडी टेकडीवर नेतात. कापलेल्या शेंडीशी या प्रसंगाचे बाहेरून काही साम्य नाही, पण तो नेमके तेच काम करतो. २०७ मिनिटांचा चित्रपट १२८ मिनिटांवर आणताना पुष्कळ काही गळाले आहे. शेतकरी आणि सामुराई यांच्यातला अविश्वास मुळाइतका खोल राहिलेला नाही, आणि मला मूळच अधिक मोठे वाटते. तरी तो प्रेतयात्रेचा प्रसंग पाहताना कुरोसावांची आठवण येत नाही, आणि स्वतःच्या पायावर उभे राहणे म्हणजे माझ्या लेखी एवढेच.

आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे मेहबूब खान यांनी स्वतःच्याच ‘औरत’चा (१९४०) ‘मदर इंडिया’ (१९५७) केला ते. आज ‘औरत’ फारसे कोणी पाहत नाही, त्यामुळे ‘मदर इंडिया’ हा रीमेक आहे हेही अनेकांच्या लक्षात नसते. छायालेखक फरेदून इराणी दोन्हींत तेच. सावकार सुखीलालाच्या भूमिकेत कन्हैयालालही दोन्हींत तेच. सतरा वर्षांनी त्याच माणसाने तीच चोपडी पुन्हा उघडली. कथा तीच: एकटी बाई, कर्ज, दुष्काळ, वाया गेलेला धाकटा मुलगा आणि शेवटी आईच्या हातून त्याचा अंत. मग वेगळे काय झाले?

दोन गोष्टी पाहा. ‘औरत’मधला नवरा आणखी एक मूल होणार हे कळल्यावर घर सोडून निघून जातो. तो दुबळा माणूस आहे आणि बाईची फरफट त्याच्या दुबळेपणातून सुरू होते. ‘मदर इंडिया’त शेतातला प्रचंड दगड हलवताना नवऱ्याचे दोन्ही हात चिरडतात, आणि आपण बायकोवर ओझे झालो या शरमेने तो एका रात्री नाहीसा होतो. घटना एकच आहे, नवरा जातो, पण तिच्यामागची अडचण बदलली आहे. पहिलीत दोष माणसाचा आहे. दुसरीत जमीनच माणसाचे हात खाते, आणि तीच जमीन ती बाई पुढे आयुष्यभर कसते. दुसरी गोष्ट सुरुवातीची. ‘मदर इंडिया’ एका कालव्याच्या उद्घाटनाने उघडतो. म्हातारी राधा त्या मानाला तयार नसते, गावकरी आग्रह करतात, गळ्यात हार पडतो, त्या फुलांच्या वासाने ती आपल्या लग्नाच्या दिवसात जाते आणि मग कथा सुरू होते. शेवटी मुलाला गोळी घातल्यावर आपण पुन्हा कालव्यावर येतो. दार उघडते, आधी लाल पाणी वाहते आणि मग स्वच्छ पाणी शेतात शिरते. १९४० साली हा कालवा बांधणारे कोणी नव्हतेच. स्वतंत्र झालेल्या देशाला दहा वर्षे पुरी होत असताना त्या दिग्दर्शकापुढे नवी अडचण उभी राहिली होती: आपण जे उभारतो आहोत त्याच्या पायात कोणाचा बळी आहे, आणि त्या बळीकडे अभिमानाने पाहायचे की अपराधी होऊन? जुनी कथा या प्रश्नाला पुरी पडते हे मेहबूब यांनी ओळखले. चौकटीचे हे दोन प्रसंग कापून टाकले तर उरते ती रंगीत ‘औरत’. मी विद्यार्थ्यांना हा प्रयोग मुद्दाम करायला लावतो.

मराठीत हीच गोष्ट ‘पिंजरा’मध्ये (१९७२) दिसते. व्ही. शांताराम यांच्या या चित्रपटामागे १९३० सालचा जर्मन चित्रपट ‘द ब्लू एंजल’ आहे. त्यात शाळेचा करडा प्राध्यापक एका गाणाऱ्या बाईच्या नादी लागतो, तिच्याशी लग्न करतो, नोकरी जाते, तो तिच्या कंपनीत विदूषक होतो आणि अखेर आपल्याच गावात, आपल्याच ओळखीच्यांसमोर त्याला कोंबड्यासारखे आरवावे लागते. त्या अपमानानंतर तो जुन्या वर्गात जातो आणि टेबलाला मिठी मारून मरतो. ‘पिंजरा’तले गुरुजी आणि चंद्रकला तिथूनच आले आहेत, यात शंका नाही. पण अर्ध्यावर एक वळण येते ते मुळात नाही. भलत्याच माणसाचे प्रेत गुरुजींचे म्हणून ओळखले जाते, गाव त्यांचा पुतळा उभारते, आणि तमाशाच्या फडाबरोबर फिरणारा जिवंत गुरुजी आपल्याच पुतळ्यासमोर उभा राहतो. शेवटी त्याच्यावर खटला चालतो तो त्या गुरुजींच्या खुनाचा, म्हणजे स्वतःच्याच खुनाचा, आणि गावाची श्रद्धा मोडू नये म्हणून तो आरोप मान्य करतो.

जर्मन प्राध्यापकाची अडचण प्रतिष्ठेची होती. ती गेली आणि माणूस संपला. गुरुजींची प्रतिष्ठा जातच नाही, उलट ते बुडत जातात तशी ती वाढत जाते, आणि हीच त्यांची अडचण आहे. त्यामुळे डॉ. श्रीराम लागू यांना जे करावे लागले ते मूळ नटाला कधी करावेच लागले नव्हते: आपल्या आदर्शाच्या सावलीत लपून बसलेला माणूस दाखवणे. ‘पिंजरा’ पाहणाऱ्या शंभरांतल्या नव्व्याण्णवांना जर्मन चित्रपट माहीत नसतो आणि त्यामुळे त्यांचे काहीही अडत नाही. ज्यांना तो माहीत आहे त्यांनाही पुतळा नवाच असतो. (त्यातल्या लावण्यांविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल. जगदीश खेबुडकर आणि राम कदम यांनी जे केले त्याला मुळात जोडच नाही, म्हणून तुलनेचा प्रश्नही येत नाही.)

याच्या उलट ‘धडक’. ‘सैराट’ (२०१६) अजून अभिजात म्हणण्याइतका जुना झालेला नाही, पण प्रेक्षकांच्या मनातले त्याचे स्थान तसेच आहे. दोनच वर्षांत त्याचा हिंदी रीमेक झाला, कथा उदयपूरला गेली आणि वाड्याच्या जागी राजकारणी हवेली आली. जातीचा उल्लेख राहिला, जाच राहिला नाही. ‘सैराट’मध्ये आर्ची आणि परशा यांना पळावे का लागते हे कोणी बोलून दाखवत नाही, कारण ते प्रत्येक चौकटीत असते: कोण कोणासमोर बसते, कोण उभे राहते, शिक्षकाच्या कानाखाली बसल्यावर कोण गप्प बसते. ‘धडक’मध्ये ही बसण्या-उठण्याची भाषा विरळ झाली आणि पळून जाणे हे प्रेमकथेतले एक टप्प्याचे काम उरले. शेवटही बदलला, मुळात दोघांचा जीव जातो आणि रक्ताच्या पावलांनी चालणारे मूल उरते, इथे नवरा आणि मूल जाते आणि ती उरते. मला त्या बदलाविषयी तक्रार नाही. तो बदल मुळापेक्षा भयंकरही होऊ शकला असता. पण आधीच्या दोन तासांत त्याची पेरणीच नसल्यामुळे तो धक्का देतो आणि विरून जातो. ‘झिंगाट’ मात्र तेवढ्याच जोरात वाजते. गाणे उचलून नेणे सोपे असते.

गाण्यांचा विषय निघालाच आहे तर एवढे सांगतो की हिंदी-मराठी रीमेकपुढे ही जादा अडचण असते आणि तिच्यावर मला अजून तोडगा सापडलेला नाही. १९८१ सालच्या ‘उमराव जान’मध्ये शहरयार यांचे शब्द, खय्याम यांचे संगीत आणि आशा भोसले यांचा आवाज आहे. प्रेक्षकाच्या स्मरणात तो चित्रपट मुख्यतः या गझलांच्या रूपाने राहतो. तो ज्या कादंबरीवर बेतलेला होता तिच्यावरूनच २००६ मध्ये दुसरा ‘उमराव जान’ आला तेव्हा त्याला गाणी नवी करावी लागली आणि प्रत्येक नवे गाणे जुन्याच्या जागी येऊन बसल्यासारखे वाटले. प्रसंगाची तुलना प्रेक्षक विसरू शकतो, सुराची विसरत नाही.

इथे ‘स्वतःच्या पायावर’ या शब्दांचे दोन अर्थ वेगळे करायला हवेत, कारण त्यांची गल्लत झाली की चर्चा भरकटते. एक अर्थ असा की मूळ न पाहिलेल्या माणसाला चित्रपट पूर्ण वाटला पाहिजे. दुसरा असा की मूळ पाहिलेल्यालाही तो पाहण्याचे कारण मिळाले पाहिजे. २००६ सालचा ‘डॉन’ दुसऱ्या अर्थाने फार हुशार आहे. १९७८च्या ‘डॉन’मधली अदलाबदल, म्हणजे मेलेल्या डॉनच्या जागी त्याच्यासारखाच दिसणारा भोळा विजय येतो ती, सगळ्यांना पाठ आहे हे गृहीत धरून फरहान अख्तर यांनी शेवटी ती उलटी केली: आपण ज्याला भोळा विजय समजत होतो तो डॉनच निघतो. ज्याने मूळ पाहिले आहे तोच नीट फसतो. ज्याने पाहिले नाही त्याला शेवटची कलाटणी मिळते, पण त्याच्यासाठी फसवणुकीची निम्मी मजा गेलेली असते. म्हणजे हा रीमेक मुळाच्या खांद्यावर उभा आहे, आणि ते लपवतही नाही. माझ्या मते हा सन्मान्य मार्ग आहे, फक्त तो एकदाच वापरता येतो आणि पन्नास वर्षांनी, मूळ विसरले गेल्यावर, त्यातले काय उरेल हे पाहावे लागेल.

काळ बदलायचाच की नाही, हा प्रश्न बहुतेक जण फार घाईने सोडवतात. ‘आजच्या पिढीसाठी’ म्हणून कथा आजच्या काळात आणली की अर्धी कथा मोबाइल फोनच मोडून टाकतो. चुकामूक, हरवलेले पत्र, उशिरा पोचलेली बातमी यांवर उभे असलेले सगळे प्रसंग कोसळतात. कुरोसावांच्या ‘इकिरू’चा (१९५२) इंग्रजी रीमेक ‘लिव्हिंग’ (२०२२) करताना पटकथाकार काझुओ इशिगुरो यांनी तो आजच्या काळात आणलाच नाही. त्यांनी स्थळ बदलून लंडन केले आणि काळ १९५३ चाच ठेवला, कारण फाइलींच्या ढिगाऱ्यामागे आयुष्य घालवणारा तो सरकारी अधिकारी तिथेच जगू शकत होता. आणि मग त्यांनी एक अचूक बदल केला. ‘इकिरू’मध्ये डॉक्टर रुग्णापासून कर्करोग लपवतो, साधा अल्सर आहे म्हणून सांगतो, आणि त्या खोटेपणातूनच रुग्णाला सत्य कळते. ‘लिव्हिंग’मध्ये डॉक्टर सरळ सांगून टाकतो आणि रुग्ण ते अत्यंत सभ्यपणे ऐकून घेतो, जणू एखादे पत्र पोचल्याची पोच देतो आहे. जपानी प्रसंगात अडचण होती ती न बोलणाऱ्या डॉक्टरची. इंग्रजी प्रसंगात ती न बोलू शकणाऱ्या रुग्णाची झाली, आणि तो मुलाला शेवटपर्यंत काही सांगू शकत नाही हे पुढचे सगळे त्या खोलीतच ठरते. त्या अधिकाऱ्याची भूमिका करणाऱ्या बिल नाय यांच्या अभिनयाची सगळी मदार या छोट्या बदलावर आहे.

मूळ चित्रपट कादंबरीवरून किंवा कथेवरून केलेला असेल तर रीमेक करणाऱ्याचे काम बरेच हलके होते, कारण चित्रपटाला वळसा घालून थेट पुस्तकाकडे जाता येते. जॉन ह्यूस्टन यांचा १९४१ सालचा ‘द माल्टीज फाल्कन’ अभिजात मानला जातो. त्याच कादंबरीवर दहा वर्षांत झालेला तो तिसरा चित्रपट आहे हे सांगितले की लोक चकित होतात. आधीचे दोन आज अभ्यासकच पाहतात. जॉन कार्पेंटर यांनी १९५१ सालच्या ‘द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड’चा रीमेक १९८२ मध्ये केला तेव्हा ते मूळ दीर्घकथेकडे परत गेले. पहिल्या चित्रपटात सोयीसाठी गाळलेली मुख्य कल्पना, म्हणजे परका जीव कोणत्याही माणसाचे रूप घेऊ शकतो आणि म्हणून कोणीही कोणावर विश्वास ठेवू शकत नाही, त्यांनी तिथून परत आणली. प्रदर्शनाच्या वेळी हा चित्रपट चालला नव्हता. आज मूळ आणि रीमेक यांत कोणाचे नाव आधी घेतले जाते हे वेगळे सांगायला नको. बिमल रॉय यांचेही उदाहरण असेच आहे. प्रमथेश बरुआ यांच्या ‘देवदास’चे छायालेखन त्यांनी केले होते, आणि १९५५ मध्ये ते स्वतः दिग्दर्शक म्हणून शरद्चंद्रांच्या त्याच कादंबरीकडे वळले. कॅमेऱ्यामागून तो चित्रपट त्यांनी जितका जवळून पाहिला होता तितका क्वचितच कोणी मूळ चित्रपट पाहिलेला असतो. तरीही त्यांचा ‘देवदास’ त्यांचाच आहे.

हक्कांविषयी एकच सांगतो: ते कागदावर घ्या. सर्जिओ लिओने यांचा ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४) हा कुरोसावांच्या ‘योजिम्बो’वरून (१९६१) विनापरवानगी केलेला होता. प्रकरण दाव्यापर्यंत गेले आणि तडजोडीत उत्पन्नाचा मोठा वाटा जपानला द्यावा लागला. चित्रपट स्वतःच्या पायावर भक्कम उभा होता, पण त्याचा कायद्यासमोर उपयोग झाला नाही.

आता कामाचे. पटकथा लिहायला बसण्याआधी मूळ चित्रपट एकदाच, पूर्ण, न थांबवता पाहावा आणि मग बाजूला ठेवावा. प्रत्येक प्रसंगासमोर ‘इथे काय घडते’ हे न लिहिता ‘या माणसाला दुसरे काही का करता येत नाही’ हे एका ओळीत लिहावे. आपल्या नव्या काळात, नव्या गावात ती ओळ खरी ठरत असेल तर प्रसंग हात न लावता ठेवावा, मग नक्कल म्हणून कोणी हिणवले तरी चालेल. ओळ खोटी ठरत असेल तर प्रसंग कितीही गाजलेला असो, तो काढावा किंवा त्याच्या जागी नवी अडचण शोधावी. निम्म्याहून जास्त ओळी खोट्या ठरल्या तर निर्मात्याला स्पष्ट सांगावे की हा चित्रपट वेगळ्या नावाने करू. हे सांगणे कठीण असते, कारण पैसे नावासाठीच लावलेले असतात, आणि आमच्या डब्यात राहिलेल्या चित्रपटाचे दुखणे नेमके तेच होते.

सेटवर मूळ चित्रपटाची क्लिप नटांना दाखवू नये. संदर्भ म्हणून दाखवली जाते आणि पुढचे दोन महिने प्रत्येक नट एका मेलेल्या नटाशी मनातल्या मनात झगडत राहतो. पहिला कट तयार झाला की मात्र उलट क्रम ठेवावा: मूळ न पाहिलेल्या चार-पाच माणसांना तो आधी दाखवावा, मूळ पाठ असलेल्यांना नंतर. पहिल्या गटाला आवडले की नाही हे विचारू नये, कारण लोक सभ्यपणे हो म्हणतात. अंधारात त्यांच्या मागे बसावे आणि कोणी शेजारच्याला ‘मग तो सरळ जाऊन सांगत का नाही?’ असे कुजबुजले की तेवढा टाइमकोड, म्हणजे चित्रपटातली त्या क्षणाची नेमकी वेळ, लिहून घ्यावा. मी आमच्या चाललेल्या रीमेकच्या वेळी असे अकरा टाइमकोड लिहिले होते. त्यांतले नऊ प्रसंग आम्ही मुळातून जसेच्या तसे आणलेले होते.